विधी सेवा पॅनलवरील वकिलाने फौजदारी प्रकरणाच्या मानधनाचे देयक कसे तयार करावे

आरोपीला वकील करण्याची ऐपत नसेल तर त्याच्यासाठी शासनाच्या खर्चाने वकील उभा राहतो, हे बहुतेकांना माहीत असते. त्या वकिलाला पैसे कोण देते, कोणत्या हिशेबाने देते आणि ते मिळण्यासाठी कोणते कागद लागतात, हे मात्र बार रूममध्येही फारसे कोणी नीट समजावून सांगत नाही. पॅनलवर, म्हणजे विधी सेवेच्या कामासाठी ठेवलेल्या वकिलांच्या यादीवर, नव्याने आलेला वकील वर्ष-दोन वर्षे खटला मन लावून चालवतो, निकाल लागतो, आणि देयक करायला बसल्यावर त्याच्या लक्षात येते की निम्म्या तारखांना नेमके काय झाले याची नोंद आपल्याजवळ नाही. पुढचे लेखन प्रामुख्याने अशा वकिलासाठी आहे. आरोपीच्या नातेवाइकांना आणि विधी सेवेच्या कामात नव्याने आलेल्या कर्मचाऱ्यांनाही त्यातील बराचसा भाग उपयोगी पडेल.

हा पैसा कोणाचा आणि कशासाठी

दंडाधिकाऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या गरीब माणसाला वकील मिळणे ही शासनाची मेहेरबानी नसून तो त्याचा हक्क आहे, आणि या हक्काच्या जडणघडणीत महाराष्ट्रातील एका प्रकरणाचा मोठा वाटा आहे. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात निकाल दिला. शिक्षा झालेल्या कैद्याला उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत वेळेवर मिळाली नव्हती आणि त्यामुळे त्याचे अपील काही वर्षे उशिराने दाखल झाले होते. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात असे म्हटले की, ज्या राज्याने कैद्यावर खटला भरून त्याचे स्वातंत्र्य हिरावले, त्याच राज्याने त्याच्यासाठी नेमलेल्या वकिलाला न्यायालय ठरवील ती वाजवी रक्कम द्यावी. वकिलाचे मानधन हा आरोपीच्या हक्काचाच भाग आहे, हे तेव्हापासून स्पष्ट आहे. पुढे 1981 च्या खत्री प्रकरणात, म्हणजे भागलपूरच्या अंध केलेल्या कैद्यांच्या प्रकरणात, पैशाची चणचण हे वकील न देण्याचे कारण होऊ शकत नाही, असे न्यायालयाने बजावले.

आज हे काम प्रामुख्याने विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 खाली चालते. हा कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर प्राधिकरणे, तालुक्याला समिती आणि उच्च न्यायालयाची स्वतंत्र समिती, अशी त्याची रचना आहे. प्रत्येक पातळीला विधी सहाय्य निधी असतो आणि त्याच्या हिशेबाची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्याकडून होते. ही शेवटची बाब वकिलांनी पक्की लक्षात ठेवावी. कार्यालयातील लिपिक एका तारखेसाठी रोजनाम्याची, म्हणजे प्रकरणात त्या दिवशी काय झाले याच्या न्यायालयीन नोंदीची, प्रत मागतो, तेव्हा तो अडवणूक करत आहे असे वाटते. परंतु उद्या लेखापरीक्षणात तीच नोंद त्याला दाखवावी लागणार असते.

याखेरीज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 341 खाली न्यायालय स्वतःही आरोपीला शासनाच्या खर्चाने वकील देऊ शकते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम 304 होते. या मार्गाने होणाऱ्या नेमणुकीचे शुल्क उच्च न्यायालयाने राज्य शासनाच्या मान्यतेने केलेल्या नियमांप्रमाणे मिळते. प्रत्यक्षात बहुतेक न्यायालये आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र पाठवून तिथूनच वकील मागवतात. तरीही आपली नेमणूक नेमकी कोणत्या मार्गाने झाली, हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे, कारण देयक कोणाच्या नावे करायचे ते त्यावरच अवलंबून असते. चुकीच्या कार्यालयात दिलेले देयक तिथे महिनोन्‌महिने पडून राहते आणि ते चुकीच्या टेबलावर आहे हे कोणीही आपणहून कळवत नाही.

पॅनल वकील की लोक अभिरक्षक

गेल्या काही वर्षांत या कामाची घडी बदलली आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2022 साली सुधारित स्वरूपात आणलेल्या योजनेप्रमाणे जिल्ह्याजिल्ह्यात पूर्णवेळ बचाव वकिलांची कार्यालये सुरू झाली. महाराष्ट्रात त्यांना लोक अभिरक्षक कार्यालय म्हणतात. मुख्य लोक अभिरक्षकाला फौजदारी कामाचा किमान 10 वर्षांचा अनुभव आणि सत्र न्यायालयातील किमान 30 खटले चालवलेले असणे आवश्यक असते. उपमुख्य लोक अभिरक्षकासाठी हे प्रमाण 7 वर्षे आणि 20 खटले असे आहे. त्यांच्या हाताखाली सहायक लोक अभिरक्षक असतात. या सर्वांना दरमहा ठरावीक मानधन मिळते, नेमणूक कराराने असते आणि खासगी वकिली करण्यास मनाई असते. त्यांना प्रकरणागणिक देयक करावे लागत नाही.

म्हणून ज्या जिल्ह्यात असे कार्यालय चालू आहे, तिथे आरोपीच्या बाजूची बरीचशी फौजदारी प्रकरणे आता तिकडे जातात. पॅनलवरील वकिलाकडे येतात ती आधीपासून त्याच्याकडे असलेली जुनी प्रकरणे, लोक अभिरक्षकांना हितसंबंधांच्या संघर्षामुळे घेता न येणारी प्रकरणे आणि पीडितांच्या बाजूची प्रकरणे. एकाच गुन्ह्यातील दोन आरोपी एकमेकांवर दोष ढकलत असतील, तर दोघांचा बचाव एकाच कार्यालयाने करणे योग्य नसते, आणि अशा वेळी दुसऱ्या आरोपीसाठी पॅनलमधून वकील नेमला जातो. माझ्या मते पूर्णवेळ बचाव कार्यालयाची कल्पना चांगली आहे. दर तारखेच्या हिशेबात न अडकता मन लावून खटला लढवता येणे आरोपीच्या हिताचे आहे. परंतु पॅनल वकिलाची गरज त्यामुळे संपलेली नाही आणि त्याचे देयक वेळेवर निघणे तितकेच महत्त्वाचे आहे.

नेमणुकीच्या दिवशी करायची कामे

पॅनलवर येण्यासाठी सर्वसाधारणपणे किमान 3 वर्षांची वकिली लागते आणि पॅनल 3 वर्षांनी नव्याने तयार होते. आपले नाव पॅनलवर आहे एवढ्यावर कोणत्याही प्रकरणाचे मानधन मिळत नाही. त्या विशिष्ट प्रकरणाचा नेमणूक आदेश हातात असावा लागतो. न्यायाधीशांनी भर न्यायालयात "तुम्ही बघा या आरोपीचे" असे सांगितले आणि आपण उभे राहिलात, तर त्या दिवसाची हजेरी कौतुकाची असली तरी प्राधिकरणाच्या दप्तरी तिची नोंद नसते. अशा वेळी त्याच दिवशी न्यायालयाकडून प्राधिकरणाला पत्र जाईल असे पाहावे आणि आदेश मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. आदेशाच्या तारखेआधीच्या तारखा देयकात धरल्या तर त्या कापल्या जाण्याचीच शक्यता अधिक.

आदेश हातात आला की त्यावरील आरोपीचे पूर्ण नाव, गुन्हा रजिस्टर क्रमांक, पोलीस ठाणे, न्यायालयाचे नाव आणि प्रकरण क्रमांक तपासावा. प्रकरण दंडाधिकाऱ्याकडून सत्र न्यायालयाकडे वर्ग झाले की क्रमांक बदलतो, आणि नियमित फौजदारी खटल्याच्या क्रमांकावर झालेल्या नेमणुकीचे देयक सत्र खटल्याच्या क्रमांकावर सादर झाले की कार्यालयाला दोन्हींचा मेळ लागत नाही. यावर सोपा उपाय असा की वर्ग झाल्याचा आदेश प्राधिकरणाला एका साध्या पत्राने कळवावा आणि त्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. ई-कोर्ट या न्यायालयांच्या संगणक प्रणालीतील प्रकरणाचा 16 अक्षरांचा ओळख क्रमांक, म्हणजे सीएनआर क्रमांकही, नेमणुकीच्या कागदावर लिहून ठेवावा.

आरोपी कारागृहात असेल तर वकीलपत्रावर त्याची सही किंवा अंगठा कारागृह अधिकाऱ्याच्या साक्षांकनासह आणावा लागतो. कोठडीत असलेल्या व्यक्तीला मोफत विधी सेवेसाठी उत्पन्नाची अट नाही. अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य आणि अपंग व्यक्ती उत्पन्न कितीही असले तरी पात्र असतात. या गटांत न बसणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. आरोपी जामिनावर बाहेर असेल तर त्याची पात्रता कोणत्या कारणावर ठरली हे नेमणूक आदेशावरून समजून घ्यावे, म्हणजे पुढे जामीन झाल्यावर "आता हा कोठडीत नाही" असा प्रश्न निघाला तर उत्तर तयार असते.

दरपत्रकाची प्रत त्याच दिवशी मागून घ्यावी. पॅनल वकिलांचे दर राज्य प्राधिकरण मंजूर करते आणि ते वेळोवेळी बदलतात, म्हणून ज्येष्ठ सहकाऱ्याने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये. त्यात पाहायच्या गोष्टी म्हणजे मसुद्याचे दर, सुनावणीचे दर, प्रकरणागणिक कमाल मर्यादा, खटला संपण्याआधी टप्प्याटप्प्याने देयक करता येते किंवा कसे, आणि एकाच खटल्यात दोन आरोपींसाठी काम केल्यास मानधन एकदाच मिळते की वेगवेगळे.

सुनावणी कशी मोजायची

देयकाचा खरा गाभा इथे आहे. फौजदारी प्रकरणात वकिलाला दोन प्रकारच्या कामांचे पैसे मिळतात: लेखी कामाचे, म्हणजे जामीन अर्ज, किरकोळ अर्ज, अपिलाचा मसुदा, लेखी युक्तिवाद यांचे, आणि उभे राहण्याचे, म्हणजे सुनावणीचे. सुनावणी पुन्हा प्रभावी आणि अप्रभावी अशा दोन प्रकारांत मोडते. ज्या तारखेला न्यायालयाने काही ऐकले, नोंदवले किंवा ठरवले, ती प्रभावी सुनावणी. ज्या तारखेला प्रकरण पुकारले गेले आणि पुढची तारीख पडली, ती अप्रभावी. दोन्हींचे दर वेगळे असतात.

ऐकायला हे सोपे वाटते, पण रोजच्या कामात पेच पडतात. आरोपीवर दोषारोप ठेवला गेला ती सुनावणी प्रभावी, याबद्दल वाद नाही. साक्षीदार आला, सरतपासणी (त्याला बोलावणाऱ्या बाजूने विचारलेले प्रश्न) झाली आणि उलटतपासणी (विरुद्ध बाजूचे प्रश्न) पुढच्या तारखेवर गेली, तर तीही प्रभावीच. एका दिवसात तीन साक्षीदार तपासले तरी ती सुनावणी एकच. साक्षीदार आला होता पण सरकारी वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतलेले असल्याने तो परत गेला, तर वकिलाचा पूर्ण दिवस गेलेला असूनही सुनावणी अप्रभावी धरली जाते. कारागृहातून आरोपीला आणलेच नाही, न्यायाधीश रजेवर, संप, साक्षीदारावर समन्स बजावणी नाही, या सर्व तारखा अप्रभावी. त्यातही न्यायाधीश रजेवर असताना पूर्ण बोर्डावरच, म्हणजे त्या दिवशीच्या सर्व प्रकरणांना, तारखा दिल्या गेल्या असतील तर काही कार्यालये ती तारीख धरतात, काही धरत नाहीत. दरपत्रकातील शब्द काय आहेत ते पाहूनच ती मोजावी. आपण स्वतः तारीख मागितली असेल तर ती तारीख देयकात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सगळ्याचा पुरावा म्हणजे रोजनामा. वकिलाने न्यायालयात काय केले हे त्याच्या डायरीवरून ठरत नाही. रोजनाम्यात काय लिहिले आहे यावरून ठरते. "आरोपीतर्फे वकील हजर" ही नोंद त्या दिवशीच्या रोजनाम्यात नसेल तर आपण सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायालयात बसला होतात, याला हिशेबाच्या दृष्टीने काहीच किंमत नाही. म्हणून प्रकरण संपल्यावर न्यायालयाबाहेर पडण्याआधी रोजनाम्यातील नोंद डोळ्याखालून घालावी, आणि ती सुटली असेल तर त्याच वेळी बेंच क्लार्कच्या लक्षात आणून द्यावी. त्याच दिवशी सांगितले तर दुरुस्ती सहज होते. सहा महिन्यांनी सांगितले तर त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईलच असे नाही.

मला हे नुकसान सोसून कळले. सुरुवातीच्या काळात एका सत्र खटल्याचे माझे देयक परत आले, कारण त्यातील दोन तारखा रोजनाम्याशी जुळत नव्हत्या. त्या दोन्ही दिवशी मी हजर होतो आणि एका दिवशी तर मी उलटतपासणीही घेतली होती. शोध घेतल्यावर समजले की त्या काळात न्यायाधीशांची बदली झाली होती, प्रकरण तात्पुरते दुसऱ्या न्यायालयाच्या कार्यभाराखाली होते आणि त्या दिवशीचा रोजनामा तिकडच्या कर्मचाऱ्याने वेगळ्या पानावर लिहिला होता. प्रमाणित नकलेत ते पान आलेच नव्हते. नक्कल विभागातून ती पाने मिळवून देयक पुन्हा सादर करण्यात चार महिने गेले. तेव्हापासून मी प्रत्येक विधी सेवा प्रकरणाच्या फाईलच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक तक्ता चिकटवतो: तारीख, कोणत्या न्यायालयात, कोणापुढे, काय झाले, निशाणी क्रमांक (न्यायालयाने कागदाला दिलेला क्रमांक) आणि पुढची तारीख. तो तक्ता त्याच संध्याकाळी भरतो, दुसऱ्या दिवसावर टाकत नाही.

एक नमुना हिशेब

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते एका उदाहरणाने पाहू. यातील प्रकरण आणि दर दोन्ही केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर आपल्या दरपत्रकातूनच घ्यावेत.

समजा, जबरी चोरीच्या सत्र खटल्यात कारागृहातील आरोपीसाठी 3 जुलै रोजी नेमणूक झाली. 10 जुलैला वकीलपत्र दाखल केले आणि दोषारोपपत्राच्या प्रती घेतल्या. 24 जुलैला दोषारोप ठेवला. 31 जुलैला जामीन अर्जावर युक्तिवाद झाला. 7 ऑगस्टला कारागृहातून आरोपी आणला नाही. 21 ऑगस्टला पहिल्या साक्षीदाराची सरतपासणी आणि उलटतपासणी झाली. 4 सप्टेंबरला साक्षीदार गैरहजर. 18 सप्टेंबरला दुसरा साक्षीदार आणि तपास अधिकारी तपासले. 9 ऑक्टोबरला न्यायाधीश रजेवर. 13 नोव्हेंबरला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 351 खाली आरोपीचा जबाब नोंदवला, 27 नोव्हेंबरला अंतिम युक्तिवाद झाला आणि 4 डिसेंबरला निकाल लागला.

एकूण 11 तारखा झाल्या. त्यांपैकी 24 जुलै, 31 जुलै, 21 ऑगस्ट, 18 सप्टेंबर, 13 नोव्हेंबर, 27 नोव्हेंबर आणि 4 डिसेंबर या 7 प्रभावी. 10 जुलै, 7 ऑगस्ट, 4 सप्टेंबर आणि 9 ऑक्टोबर या 4 अप्रभावी. प्रभावी सुनावणीचा दर 800 रुपये, अप्रभावीचा 400 रुपये, जामीन अर्जाच्या मसुद्याचा 1000 रुपये आणि सुनावण्यांची कमाल मर्यादा 7000 रुपये धरली, तर सुनावण्यांचे 5600 अधिक 1600 मिळून 7200 रुपये होतात. मर्यादेमुळे त्यातील 7000 रुपयेच मिळतील. त्यात मसुद्याचे 1000 रुपये मिळवले की 8000 रुपये. साक्षीपुराव्याच्या प्रमाणित नकलांसाठी 240 रुपये खर्च केले असतील आणि पावत्या असतील, तर देयक 8240 रुपयांचे होईल.

या हिशेबात दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की मर्यादा ओलांडली तरी सर्व तारखा देयकात दाखवाव्यात आणि शेवटी "मर्यादेनुसार मागणी" असे लिहावे, कारण तपासणीत एखादी तारीख कापली गेली तर उरलेल्या तारखा ती तूट भरून काढतात. वरच्या उदाहरणात 9 ऑक्टोबरची तारीख कापली, तर बेरीज 6800 होते आणि नुकसान 200 रुपयांचेच होते. 4 सप्टेंबरची तारीख आपणच सोडून दिली असती, तर 9 ऑक्टोबर कापल्यावर हाती 6400 रुपयेच उरले असते. दुसरी अशी की लांबत जाणाऱ्या खटल्यात कमाल मर्यादा लवकर संपते आणि उरलेले काम वकील व्यवहारात विनामोबदला करतो. वीस-पंचवीस साक्षीदारांच्या खुनाच्या खटल्यात हे फार जाणवते. अशा गंभीर खटल्यांसाठी दरपत्रकात वेगळी तरतूद असेल तर ती शोधावी, आणि नसेल तर जिल्हा प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे कारणांसह लेखी विनंती करावी. 2019 च्या अनोखीलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, जन्मठेप किंवा फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात किमान 10 वर्षे अनुभवाचा वकील द्यावा आणि त्याला तयारीसाठी सर्वसाधारणपणे किमान 7 दिवस मिळावेत. एवढ्या अनुभवाची अपेक्षा ज्या कामात आहे, त्याचा मोबदला त्या कामाच्या वजनाचा असावा, हे लेखी मांडायला संकोचू नये.

देयकासोबत काय जोडावे

देयक, नेमणूक आदेशाची प्रत, रोजनाम्याच्या प्रमाणित प्रती किंवा कार्यालय स्वीकारत असेल तर ई-कोर्टवरील कामकाजाच्या नोंदींच्या छापील प्रती, निकालाची प्रत, दाखल केलेल्या अर्जांच्या प्रती आणि काम पूर्ण झाल्याचा अहवाल, एवढे कागद बहुतेक ठिकाणी लागतात. पहिल्या देयकासोबत पॅन कार्ड आणि बँक खात्याचा तपशील द्यावा. रक्कम 5000 रुपयांपेक्षा अधिक असेल तर पावतीवर 1 रुपयाचे महसूल तिकीट लावून सही करावी. ते नसल्याने देयक अडले तर एवढ्याशा गोष्टीसाठी कार्यालयाची एक फेरी वाढते.

काम पूर्ण झाल्याचा अहवाल अनेक वकील दोन ओळींत उरकतात. तो थोडा सविस्तर लिहावा: निकाल काय लागला, शिक्षा झाली असल्यास किती, आरोपी कुठे आहे, निकालाची प्रत त्याला मिळाली का आणि अपील करण्याजोगे मुद्दे आहेत का. होस्कोट प्रकरणात कैद्यापर्यंत निकालाची प्रत न पोहोचल्यानेच सारे रखडले होते. या अहवालामुळे ते काम योग्य वेळी योग्य कार्यालयाच्या लक्षात येते. चालू प्रकरणांच्या प्रगतीवर जिल्हा प्राधिकरणाची देखरेख समिती लक्ष ठेवते, म्हणून मधल्या काळातही तिच्याकडे वेळोवेळी अहवाल दिलेले असावेत. ज्या वकिलाचे अहवाल वेळेवर जातात, त्याच्या देयकावर शंका निघण्याचे प्रसंग फार कमी येतात.

खर्चाच्या बाबतीत एक सूचना आहे. न्यायालयीन शुल्क, नकलांचे शुल्क, टंकलेखन, भाषांतर, अपिलाची पेपर बुक (सुनावणीसाठी लागणाऱ्या कागदांचा संच) तयार करणे हे सर्व विधी सेवेत मोडते. मात्र मोठा खर्च करण्याआधी जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांची लेखी परवानगी घ्यावी. पैसे खर्च करून नंतर मंजुरी मागितली की ती सहसा मिळत नाही. रिमांडच्या, म्हणजे आरोपीला कोठडीच्या आदेशासाठी न्यायालयापुढे आणण्याच्या, वेळची ड्युटी आणि कारागृह भेटी यांचे मानधन वेगळ्या हिशेबातून मिळते, त्यामुळे त्या तारखा प्रकरणाच्या देयकात मिसळू नयेत. एकच दिवस दोन ठिकाणी दाखवला गेला तर हेतू प्रामाणिक असूनही तो गैरव्यवहार ठरू शकतो.

आरोपीकडून किंवा त्याच्या घरच्यांकडून पैसे, भेटवस्तू किंवा प्रवासखर्च यांपैकी काहीही घेऊ नये. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या 2010 च्या विनियमांत याला स्पष्ट मनाई आहे, आणि तसे केल्यास पॅनलवरून नाव जाण्याबरोबर अधिवक्ता अधिनियमाखाली शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते. नातेवाइकांनीही हे जाणून घ्यावे. विधी सेवेच्या वकिलाने "थोडे वर द्या" असे म्हटले, तर ते देऊ नये. जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या सचिवांकडे तक्रार करावी किंवा 15100 या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

खटला मध्येच संपला किंवा वकील बदलला तर

आरोपीने गुन्हा कबूल केला, तो मरण पावला किंवा त्याने मधेच खासगी वकील केला, तर त्या दिवसापर्यंतच्या कामाचे देयक करता येते. त्यासाठी त्या दिवशीच्या आदेशाची प्रत आणि एक छोटा अहवाल जोडावा. खासगी वकिलाने वकीलपत्र दाखल केले की नेमणूक संपल्याचे प्राधिकरणाला लगेच कळवावे. तोंडी कळवणे पुरेसे नाही. जामिनावरचा आरोपी फरार झाला तर खटला वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो आणि वकिलाचे देयकही त्याच्याबरोबर अडकते. अशा वेळी परिस्थिती लेखी कळवून तोपर्यंतचे देयक स्वीकारण्याची विनंती करावी. आधीच्या वकिलाकडून प्रकरण आपल्याकडे आले असेल, तर आपल्या नेमणुकीपासूनच्याच तारखा धराव्यात आणि आधीच्या वकिलाने किती मर्यादा वापरली आहे ते कार्यालयात विचारून घ्यावे.

उच्च न्यायालयातील नेमणुकीत मार्ग थोडा वेगळा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठात तसेच नागपूर आणि औरंगाबाद खंडपीठांत अपील निकाली काढताना नेमलेल्या वकिलाचे शुल्क नियमांप्रमाणे द्यावे किंवा अमुक रक्कम द्यावी, असा उल्लेख अनेकदा निकालाच्याच शेवटी असतो. निकाल वाचला जात असताना तो उल्लेख राहून गेला असे दिसले, तर तिथेच नम्रपणे लक्षात आणून द्यावे. पुढे उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडे देयक सादर करताना त्या एका वाक्याने बराच पत्रव्यवहार वाचतो.

पैसे यायला उशीर झाला तर

विनियमांप्रमाणे काम पूर्ण झाल्याचा अहवाल मिळाल्यावर विनाविलंब पैसे द्यायला हवेत. प्रत्यक्षात निधी येण्यावर बरेच अवलंबून असते आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी देयकांचा ढीग साचतो. म्हणून निकाल लागल्यावर महिन्याच्या आत देयक सादर करावे, आवक क्रमांक लिहून घ्यावा आणि सगळ्या कागदांचा एक संच स्वतःजवळ ठेवावा. दोन महिन्यांनी लेखी स्मरणपत्र द्यावे. त्यानंतरही हालचाल नसेल तर सचिवांना भेटावे, मग प्राधिकरणाचे अध्यक्ष असलेल्या प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडे अर्ज करावा आणि शेवटी मुंबईतील राज्य प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांकडे. माहितीचा अधिकार अधिनियमाखाली अर्ज करून देयक सध्या कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारता येते. त्याचे उत्तर 30 दिवसांत यायला हवे. हा अर्ज करण्यात कोणाशी वैर धरण्यासारखे काही नाही, आणि पॅनलवरील ज्येष्ठांनी तो करावा, कारण नव्या वकिलाला त्याची भीती वाटते.

पैसे खात्यावर जमा झाले की रक्कम देयकाशी ताडून पाहावी. कमी आली असेल तर कोणत्या तारखा कापल्या आणि का, हे लेखी विचारावे, म्हणजे पुढच्या देयकात तीच चूक होत नाही. व्यावसायिक शुल्कावर ठरावीक वार्षिक मर्यादेपुढे 10 टक्के आयकर मुळातच कापला जातो. पॅन दिलेला नसेल तर तो 20 टक्के होतो. अनेक देयके एकाच वर्षात निघाली तर ही मर्यादा नकळत ओलांडली जाते, म्हणून कापलेली रक्कम आयकर पोर्टलवरील आपल्या विवरणात दिसते आहे ना, हे विवरणपत्र भरण्याआधी पाहून घ्यावे, आणि दिसत नसेल तर प्राधिकरणाच्या लेखा शाखेला पॅन क्रमांक आणि देयकाचा दिनांक नमूद करून पत्र द्यावे.